पद्मिनीचा डावा इंडिकेटर पेटतो, पण ब्लिंक होत नाही

प्रश्न: प्रीमियर पद्मिनी, १२ व्होल्ट, जुनाच डबीचा फ्लॅशर (इंडिकेटर ब्लिंक करवणारा स्विच). उजवी बाजू व्यवस्थित चालते. डावीकडे दोन्ही दिवे मंद पेटून तसेच राहतात. नाशिकच्या द्वारका चौकातल्या गर्दीत मागच्याला वळण कळतच नाही. फ्लॅशर बदलू का? इथले कोणी सांगाल का?

उत्तर १: फ्लॅशर बदलू नका. तो दोन्ही बाजूंना एकच असतो. उजवी चालते म्हणजे तो ठीक आहे. जुना फ्लॅशर करंटने तापून चालतो. पुढचा-मागचा मिळून २१ वॅटचे दोन बल्ब, म्हणजे साधारण साडेतीन अँपिअर. तेवढा करंट गेला नाही तर त्याचा कॉन्टॅक्ट तुटत-जुळत नाही. आधी बल्बवरचा आकडा वाचा, चुकून ५ किंवा १० वॅटचा बसवलेला असतो.

उत्तर २: दोन्ही मंद आहेत, म्हणून मला अर्थिंगची (दिव्यातून गाडीच्या पत्र्यामार्फत बॅटरीच्या निगेटिव्हला जाणारी जोडणी) किंवा स्विचची शंका जास्त. इंडिकेटर चालू ठेवून मल्टिमीटरची एक पिन बल्बच्या होल्डरच्या पत्र्याला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. ०.२ व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थ खराब. पावसाळ्यानंतर होल्डरच्या स्क्रूखाली हिरवट-पांढरा थर हमखास सापडतो. बॅटरीची वायर काढा, ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने धातू चकचकीत करा, व्हॅसलिनचा पातळ हात देऊन स्क्रू आवळा. अर्थ चांगला निघाला तर स्टिअरिंगजवळच्या स्विचचे डावे कॉन्टॅक्ट साफ करा.

उत्तर ३: आणि एलईडी बल्ब घालू नका. या फ्लॅशरवर ते ब्लिंक होणारच नाहीत.