रायझन २६०० आणि जीटीएक्स १०६०: आता नेमकं काय बदलायचं?

बी४५०वाला

माझं गेमिंगचं मशीन २०१८ च्या अखेरीस जोडलेलं. प्रोसेसर रायझन ५ २६००, बी४५० मदरबोर्ड, रॅमच्या ८ जीबीच्या दोन डीडीआर४ ३००० स्टिक, ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १०६० ६ जीबी, ४५० वॉटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), २४० जीबी साटा एसएसडी, गेम्स १ टीबी हार्डडिस्कवर. मॉनिटर १०८०पी, १४४ हर्ट्झ.

आफ्टरबर्नर या मोजणीच्या सॉफ्टवेअरमधून घेतलेले आकडे असे:
काउंटर-स्ट्राइक २, लो सेटिंग: सेकंदाला सरासरी ११८ फ्रेम, १ टक्का लो (सगळ्यात संथ १ टक्का फ्रेमचा वेग) ६८. कार्डचा वापर ६५ ते ७० टक्के.
सायबरपंक २०७७, लो: ३८ ते ४२ फ्रेम, कार्ड ९८-९९ टक्के.
डूम: द डार्क एजेस सुरूच होत नाही.
टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा वेग २१३३ दिसतो. प्रोसेसर ७२ अंश, कार्ड ७६ अंश.

सगळं विकून नवीन घ्यावं, की यातलंच काही बदलून अजून तीनेक वर्षं काढता येतील?

फ्रेमटाइम

पैसे काढायच्या आधी रॅम बघा. ३००० च्या स्टिक २१३३ ला चालताहेत, म्हणजे बायोसमध्ये (बोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, बंद आहे. बोर्डच्या कंपनीप्रमाणे त्याचं नाव ए-एक्सएमपी, डीओसीपी किंवा नुसतं एक्सएमपी असतं. पहिल्या पिढ्यांच्या रायझनमध्ये प्रोसेसरच्या आतले भाग जोडणारा इन्फिनिटी फॅब्रिक रॅमच्याच ठोक्यावर, म्हणजे लिहिलेल्या आकड्याच्या निम्म्यावर, चालतो. २१३३ ला तो १०६६ मेगाहर्ट्झवर अडकतो, ३००० ला १५०० वर जातो. काउंटर-स्ट्राइकसारख्या गेममध्ये हा फरक १ टक्का लो मध्ये लगेच दिसतो. स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्येच आहेत ना, तेही पाहा. शेजारी शेजारी लावल्या असतील तर सिंगल चॅनल, म्हणजे रॅमची निम्मीच वाट, चालू असेल. सीपीयू-झेड या सॉफ्टवेअरच्या मेमरी टॅबवर ते कळतं.

तुमच्या आकड्यांत दोन वेगळे आजार आहेत. सायबरपंकमध्ये कार्ड ९९ टक्क्यांवर आहे, तिथे प्रोसेसर कितीही भारी लावला तरी फ्रेम वाढणार नाहीत. काउंटर-स्ट्राइकमध्ये कार्डला काम पुरत नाही, तिथे प्रोसेसर आणि रॅम आडवे येतात. खात्री करायची तर रिझोल्यूशन ७२०पी करून तोच नकाशा खेळा. फ्रेम तेवढ्याच राहिल्या तर अडचण प्रोसेसरकडेच. यात प्रोसेसरचा एकूण वापर बघू नका. २६०० मध्ये १२ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) आहेत. गेमचा मुख्य थ्रेड एका कोअरवर घुसमटत असला तरी एकूण आकडा ४५-५० टक्केच दिसतो आणि माणूस फसतो.

तापमानं ठीक आहेत. त्या बाजूने काही करायला नको.

बी४५०वाला

एक्सएमपी चालू केलं. स्लॉट बरोबर होते. काउंटर-स्ट्राइक सरासरी १३६, १ टक्का लो ८३. सायबरपंकमध्ये काही फरक नाही. ७२०पी ला काउंटर-स्ट्राइकच्या फ्रेम तेवढ्याच. मग आता आधी कार्ड की आधी प्रोसेसर?

पीसीआय_लेन

आधी कार्ड. डूम सुरू न होण्याचं कारण वेग नाही. त्या गेमला हार्डवेअर रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशोब करणारा कार्डमधला खास भाग) लागतं आणि ते १०६० मध्ये नाहीच. इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कलचंही तेच. शिवाय एनव्हिडियाने पास्कल पिढीची (१०६० त्यातलंच) गेम रेडी ड्रायव्हर, म्हणजे नव्या गेमसाठीची कार्डची सॉफ्टवेअर अपडेट, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये थांबवली, पुढे २०२८ च्या ऑक्टोबरपर्यंत फक्त सुरक्षेची अपडेट. फ्रेम कमी पडल्या तर सेटिंग उतरवून भागवता येतं, पण गेम उघडतच नसेल तर कार्ड बदलण्यावाचून इलाज नाही. आणि आज घेतलेलं कार्ड उद्या बोर्ड बदललात तरी सोबत येतं.

कार्ड निवडताना एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाही. बी४५० वर कार्डाच्या स्लॉटला पीसीआय एक्स्प्रेस ३.० आहे. आरएक्स ६६०० आणि आरटीएक्स ४०६० या दोन्ही कार्डांना सोळाऐवजी आठच लेन (बोर्ड आणि कार्ड यांच्यातल्या डेटाच्या वाटा) आहेत, त्यामुळे तुमच्या बोर्डवर त्यांना निम्मीच वाट मिळते. ८ जीबी मेमरीत सगळं मावतंय तोवर हे जाणवत नाही. टेक्श्चर वाढवून मेमरी भरली की कार्ड रॅमकडे धावतं, वाट अरुंद असते आणि गेम झटके खायला लागतो. आरएक्स ६५०० एक्सटी तर अजिबात नको, चारच लेन आणि ४ जीबी. आरटीएक्स ३०६० १२ जीबीला सोळा लेन आहेत, सेकंडहँड बाजारात ती सापडते आणि तुमच्यासाठी शहाणपणाची आहे. नवंच घ्यायचं असेल आणि बजेट ताणता येत असेल तर आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी, तिलाही सोळा लेन. इंटेलचं आर्क बी५८० स्वस्तात १२ जीबी देतं, पण त्याला रिसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो आणि जुन्या प्रोसेसरवर त्याचा ड्रायव्हर जास्त वेळ खातो. २६०० वर ते लावू नका.

सेकंडहँड मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या नाहीतर ऑनलाइन, मूळ बिल आणि कार्डवरचा सिरियल नंबर जुळतो का ते बघा. १५ मिनिटं लोड देऊन हॉटस्पॉटचं (चिपवरच्या सगळ्यात गरम जागेचं) तापमान वाचा. कार्डच्या नेहमी दिसणाऱ्या तापमानापेक्षा ते २५ अंशांहून वर गेलं तर पेस्ट सुकलेली किंवा हीटसिंक नीट न बसलेली.

बारा_व्होल्ट

कार्ड आणण्याआधी एसएमपीएस. १०६० ला १२० वॉट लागत होते, ३०६० ला १७० लागतात. ४५० चा आकडा पुरेसा वाटेल, पण २०१८ पासून रोज तापलेल्या कपॅसिटरचा प्रश्न आहे. गेमच्या मध्येच पूर्ण बंद होऊन मशीन पुन्हा सुरू होणं हे त्याचं ठळक लक्षण. ड्रायव्हर पडला तर स्क्रीन काळी होऊन सहसा परत येते. इथे वीजच तुटते. ८० प्लसची पट्टी कार्यक्षमता सांगते, आतला माल कसा आहे ते नाही. ५५० किंवा ६५० वॉट, पाच वर्षांहून जास्त वॉरंटी, आणि मॉड्युलर (केबल वेगळ्या काढता येणारा) असेल तर जुन्या एसएमपीएसच्या केबल नव्याला चुकूनही लावू नका. कनेक्टर बसतो, पण पिनांची जुळणी वेगळी असते. जळते ती डिस्क.

यूपीएस वापरत असाल तर तोही तपासा. घरोघरचा ६०० व्हीए यूपीएस साधारण ३६० वॉटचाच. वीज गेली त्या क्षणी गेम चालू असेल तर तो ओव्हरलोड होऊन सगळंच बंद करेल.

एएम४_मिस्त्री

प्रोसेसरचं मी सांगतो. बोर्ड तोच ठेवा, रायझन ५ ५६०० लावा. ५५०० घेऊ नका, तिच्यात कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ३२ ऐवजी १६ एमबी आहे आणि काउंटर-स्ट्राइकमध्ये नेमकी कॅशच कामाला येते. ५७००एक्स३डी वाजवी भावात सापडली तर उत्तमच, पण तिच्यासोबत कूलर येत नाही.

क्रम चुकवू नका. जुना प्रोसेसर बसलेला असतानाच बायोस अपडेट करायचा. कंपनीच्या साइटवर बोर्डचं नाव आणि रिव्हिजन दोन्ही जुळवून, सीपीयू सपोर्ट यादीत ५६०० पुढे कमीत कमी कोणता बायोस लिहिलाय ते पाहा. काही बोर्डांना मधला एक बायोस टाकूनच पुढे जावं लागतं, तिथली टीप वाचा. पेनड्राइव्ह एफएटी३२ ने फॉरमॅट केलेला हवा. अपडेटनंतर एक्सएमपी पुन्हा बंद झालेलं असेल.

विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असेल तर रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा. प्रोसेसर बदलला की एफटीपीएम (कुलपाच्या किल्ल्या सांभाळणारा प्रोसेसरमधला भाग) रिसेट करू का असं बोर्ड विचारतो, आणि ‘हो’ म्हटल्यावर विंडोज ती की मागते.

सगळ्यात जास्त नुकसान कूलर काढताना होतं. एएम४ मध्ये (तुमच्या बोर्डचं सॉकेट) पिना प्रोसेसरला असतात आणि कूलरखालची उष्णता वाहून नेणारी पेस्ट सुकून सिमेंट झालेली असते. कूलर सरळ वर ओढलात तर लीव्हर बंद असतानाही प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून आधी दहा मिनिटं गेम चालवून पेस्ट गरम करा, मशीन बंद करा, प्लग काढा, चारही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे सैल करा. मग कूलर डावीकडे-उजवीकडे हलकेच पिळा. तो चिखलात पाय सरकावा तसा सुटतो, त्यानंतरच उचला. २६०० सोबत आलेल्या स्टेल्थ कूलरचे स्क्रू थेट मागच्या पट्टीत जातात, ते निघाले की पट्टी बोर्डमागे पडते. मागे हात धरा किंवा चिकटपट्टी लावून ठेवा.

बी४५०वाला

म्हणजे एसएमपीएस, मग ३०६०, मग ५६००. एएम५ वर, म्हणजे पुढच्या सॉकेटवर, आत्ताच जाण्यात काही अर्थ?

फ्रेमटाइम

नाही. एएम५ म्हणजे बोर्ड, प्रोसेसर आणि डीडीआर५ तिन्ही एकदम, आणि २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेले. तुमच्या १६ जीबी डीडीआर४ सांभाळा. ५६०० आणि नवं कार्ड लावल्यावरही तुमचा आवडता गेम प्रोसेसरपाशीच अडत असेल तेव्हा एएम५ चा विचार.

सायबरपंक मात्र हार्डडिस्कवरून हलवा. २.० अपडेटपासून त्याला एसएसडी लागते. १ टीबीची एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान) एसएसडी बोर्डच्या एम.२ स्लॉटमध्ये घाला. काही बी४५० बोर्डांत तो स्लॉट वापरला की साटाचे दोन पोर्ट बंद होतात. जुनी डिस्क अचानक दिसेनाशी झाली तर घाबरू नका, केबल दुसऱ्या पोर्टला लावा.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. २६०० विंडोज ११ च्या यादीत आहे, त्यामुळे बायोसमध्ये एफटीपीएम चालू करून ते आत्ताही टाकता येईल. पण दोनदा त्रास नको असेल तर प्रोसेसर बदलल्यावरच टाका.