वन्यजीव रिहॅबवाल्यांना (जखमी, अनाथ वन्यप्राणी बरे करून परत सोडणाऱ्यांना) शिकत राहण्याची सक्ती असावी का?

रातवा (धागाकर्ती)

माझ्या हातून गेलेलं पहिलं घुबड उपाशी मेलं नाही, जेवून मेलं.

आलं तेव्हा नुसती पिसं होती. छातीवर बोट फिरवलं की मधलं हाड सुरीच्या पात्यासारखं लागायचं. आम्ही मांसाचे तुकडे पुढे धरले आणि त्याने एकामागून एक गिळले. काय आनंद झाला होता! फोटो काढले, एकमेकांना पाठवले. सकाळी पेटीत पालथं पडलेलं. आणायला उशीर झाला असणार, अशी समजूत घालून घेतली. तीन वर्षांनी एका प्रशिक्षणात कळलं की बरेच दिवस उपाशी असलेल्या जिवाच्या पोटात एकदम अन्न गेलं, तर रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने पेशींमध्ये ओढलं जातं आणि हृदय बंद पडू शकतं. आधी ऊब, मग पाणी आणि क्षार, मग थोडं थोडं पातळ अन्न, अख्खं भक्ष्य सगळ्यात शेवटी. फळ्यावर एका ओळीत मावेल एवढीच गोष्ट. त्या तीन वर्षांत असे आणखी किती गेले ते मी मोजलं नाही. हिंमत झाली नाही म्हणा.

तर माझं म्हणणं असं: वन्यजीव रिहॅब करणाऱ्याला सुरुवातीचं प्रशिक्षण हवंच, जाणत्या माणसाच्या हाताखाली तास भरलेले हवेत, आणि दर दोन वर्षांनी नवं काय शिकलात ते दाखवल्याशिवाय काम पुढे चालू ठेवता येऊ नये. सध्या जगात सगळी भेळमिसळ आहे. अमेरिकेत स्थलांतरित पक्ष्यांच्या रिहॅबसाठी केंद्रीय परवाना लागतो. त्यासाठी निदान वर्षभराच्या काळात मिळवलेला १०० तासांचा अनुभव दाखवावा लागतो, त्यात वर्ग आणि चर्चासत्रं फार तर २० तास. उलट ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्याने जखमी वन्यजीव बरा करून सोडण्यापुरता कोणीही जवळ ठेवू शकतो, बहुतेक प्रजातींना परवानाच नाही. आंतरराष्ट्रीय वन्यजीव पुनर्वसन परिषद परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देते आणि ते टिकवायला पुढेही शिकत राहावं लागतं, पण घ्यायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवायचं.

पटत नसेल तर बिनधास्त सांगा.

जुना_पिंजरा

पटत नाही, म्हणून सांगतो. २२ वर्षं हे काम करतोय.

ताई, तुम्ही दिलेला आकडाच तुमच्या विरोधात जातो. १०० पैकी वर्गाचे फार तर २०, म्हणजे उरलेले ८० हाताचे. ज्यांनी तो नियम केला त्यांनाही कळलं होतं की ही विद्या बाकावर बसून येत नाही. माझ्याकडचा सगळ्यात तयार मुलगा शाळा अर्धवट सोडून आलेला. पिंजऱ्यातला कागद बदलताना नुसती विष्ठा बघून सांगतो, हा आज खाल्लेला नाही. सांगा, त्याला कोणत्या परीक्षेला बसवू? आणि ती परीक्षा कोणत्या भाषेत असेल?

दुसरं म्हणजे वेळ. पिल्लांचा हंगाम असतो तेव्हा आमच्याकडे चाळीस चोची दर अर्ध्या तासाला उघडतात. अशा वेळी दोन दिवस प्रशिक्षणाला जायचं कोणी? इथे बहुतेक जण पदरमोड करून, नोकरी सांभाळून हे करतात. सक्ती केलीत तर आधी तेच सोडून जातील. जखमी प्राणी यायचे थांबणार नाहीत. मग ते ज्याच्याकडे जातील त्याच्याकडे ना कागद असेल ना अनुभव.

रातवा

काका, हात हवेतच. पण हात चूकसुद्धा तितक्याच सफाईने करतात. ड्रॉपरने चोचीत पाणी सोडणारे वीस-वीस वर्षांचे अनुभवी मी पाहिलेत. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या अगदी मुळाशी असतं. चोच उघडून जिभेवर थेंब टाकला की तो थेट तिथेच. पक्षी दोन दिवसांनी न्यूमोनियाने जातो आणि आपण म्हणतो, धक्क्याने गेला. ही चूक अनुभवाने सुधारत नाही, कारण चूक झाली हेच कळत नाही.

पांढरा_कोट

मी व्हेट, म्हणजे जनावरांचा डॉक्टर आहे, म्हणून आधी स्वतःच्याच जमातीबद्दल बोलतो. डिग्री घेतली तेव्हा गाय, म्हैस, कुत्रा, कोंबडी झाली. वटवाघूळ कसं धरायचं हे कोणी शिकवलं नाही. बाहेरून कासव आणून टेबलावर ठेवतात आणि "डॉक्टर आहेत ना" म्हणून निर्धास्त घरी जातात. मी मात्र निर्धास्त नसतो.

शिकत राहण्याबद्दल एकच उदाहरण पुरे. २००३ साली गिधाडाच्या दुखण्यावर कोणी डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलं असतं, तर तो माणूस अडाणी नव्हता, त्याच्या काळापुरता शिकलेलाच होता. २००४ मध्ये कळलं की ते औषध दिलेल्या जनावराचं मांस खाल्लेल्या गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात. २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी त्यावर बंदी आली आणि मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय पुढे आला. पुढे किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅकही घातक ठरली, त्यांच्यावर बंदी यायला २०२३ उजाडलं. म्हणजे एकाच पक्ष्याचं एकच दुखणं, आणि वीस वर्षांत उत्तर तीनदा बदललं. पूर्वी मान वाकडी झालेलं बदक आलं की आम्ही विषबाधा, मार, असं बघत त्याला इतरांच्या शेजारी ठेवायचो. २०२१ पासून बर्ड फ्लू जंगली पक्ष्यांत ज्या तऱ्हेने पसरलाय, ते बघता आता ते बदक दाराच्या आत घ्यायच्या आधी विचार करावा लागतो.

जुना_पिंजरा

डॉक्टर, मान्य. पण ही झाली बातमी, शिक्षण नव्हे. डायक्लोफेनॅकचं मला फोनवर कळलं आणि त्याच दिवशी बाटली फेकली. त्याला सोळा तासांचा कोर्स कशाला? एक पानाचं पत्रक काढा ना.

पांढरा_कोट

ज्यांना फोन करणारं कोणी नाही त्यांचं काय?

खारूताई

मी दोन्हीकडून शिव्या खाणार असं दिसतंय.

गेल्या वर्षी मी सहा तासांचं ऑनलाइन प्रशिक्षण 'पूर्ण' केलं. कॅमेरा बंद, मांडीवर टॉवेल, टॉवेलात तीन खारीची पिल्लं आणि हातात सिरिंज. वक्ते काय बोलले ते आजही सांगता येणार नाही. प्रमाणपत्र मात्र छान आलं, सोनेरी कडेचं. तासांची सक्ती झाली की सगळ्यांचं असंच होणार. तास भरतील, डोकं रिकामंच.

माझं खरं शिक्षण झालं ते एका बाईंच्या शेजारी दहा मिनिटं उभं राहून. मी पिल्लाला तान्ह्या बाळासारखं उताणं धरून दूध द्यायचे. त्या काही बोलल्या नाहीत. माझ्या हातातून पिल्लू घेतलं, पालथं केलं, चारही पाय टॉवेलवर टेकवले, डोकं जरासं वर. सिरिंजचा दट्ट्या इतका हळू की दाबतायत की नाही कळेना. नाकातून एक बुडबुडा आला तशी सिरिंज बाजूला, डोकं खाली, नाक पुसलं, थांबल्या. दूध फुप्फुसात जायचं थांबतं ते असं. हे व्हिडिओत बघून येत नाही. चुकताना कोणीतरी हात धरावा लागतो.

म्हणून सक्तीच करायची तर तासांची नको. वर्षातून चार दिवस दुसऱ्याच्या सेंटरवर जाऊन काम करायची करा.

रातवा

+१. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. स्वतःच्या सेंटरवर आपणच शहाणे असतो.

वळचण

थोडं अवांतर, पण तितकंसं नाही. मी फक्त फोन घेते, प्राण्यांना हात लावत नाही. तुमच्या कोणाच्याच यादीत मी नाहीये.

"पिल्लू पडलंय, काय करू?" असे फोन दिवसभर चालू असतात. पिसं आलेली, आखूड शेपूट, जमिनीवर उड्या मारतंय, म्हणजे ते पडलेलं नाही, उडायला शिकतंय. आईबाप जवळच्याच फांदीवर असतात. त्याला उचलून तुमच्याकडे आणणं म्हणजे चक्क पळवून आणणं. पिसं नसलेलं असेल तर घरट्यात परत ठेवता येतं. माणसाचा वास लागला की आई टाकून देते, हे खरं नाही. हे मला कोणी शिकवलं नव्हतं, पहिले सहा महिने मी सगळ्यांना "घेऊन या" सांगत होते. तुमच्या चाळीस चोचींतल्या काही मीच पाठवलेल्या असणार, काका.

जुना_पिंजरा

हा हा. काहीच?

पांढरा_कोट

एक विषय सगळे टाळताय. कोणाला वाचवायचं नाही, हे शिकवायचं की नाही? सोडता येणार नाही असा प्राणी आला की हात थरथरतात आणि मग तो वर्षानुवर्षं पिंजऱ्यात राहतो. वेदना न होता मरण देणं हाही या कामाचाच भाग आहे, आणि तो निर्णय एकट्याने, रात्री अकरा वाजता, रडत घ्यायचा नसतो. आधी ठरवलेले निकष लागतात.

जुना_पिंजरा

रोख माझ्याकडे आहे हे कळलं. हो, माझ्याकडे एक घार आहे. पंख वाकडा जुळला, उडता येत नाही. नऊ वर्षं झाली. माझ्या हातून खाते, मला ओळखते. तिच्याबद्दल मला शिकवायला येऊ नका.

रातवा

काका, हातून खाते म्हणून ती सुखात आहे असं कसं म्हणायचं? दुसरं कोणी देत नाही म्हणून खात असेल.

खारूताई

ताई, जरा सांभाळून. माणूस इतकी वर्षं करतोय.

जुना_पिंजरा

राहू दे, खारूताई. रात्रभर विचार केला, आता जरा लांबलचक लिहितो.

माझ्याकडे पहिल्या दिवसापासूनचं रजिस्टर आहे. आला कधी, काय झालं होतं, काय दिलं, कधी सोडला किंवा कधी गेला. रातवाताईंनी पाण्याच्या थेंबाचं लिहिलं तेव्हा उठून जुन्या वह्या काढल्या. 'धक्क्याने' हा शब्द पहिल्या पाच वर्षांत पानोपानी आहे. नंतर कमी होत गेला. मी ड्रॉपर कधी सोडला ते आठवत नाही, पण शब्द कमी झालाय तो त्याच सुमारास. म्हणजे मीही शिकलो, फक्त फार सावकाश, आणि त्याची किंमत मी नाही मोजली.

तरी सक्तीला माझा विरोध कायम आहे. परीक्षेच्या भीतीने लोक मेलेले लपवतील. आजच लपवतात, फेसबुकावर फक्त सोडलेल्यांचे व्हिडिओ असतात. त्यापेक्षा असं करा: वर्षातून एकदा पाच-सहा सेंटरवाल्यांनी आपापली रजिस्टरं घेऊन बसायचं आणि फक्त गेलेल्यांची पानं वाचायची. डॉक्टर हवेत. शवविच्छेदन झालेलं असेल तर उत्तमच. सोनेरी कडेचा कागद नको. मी माझ्या सगळ्या वह्या आणीन.

रातवा

मी येते. घुबडाचं पान माझ्याकडे नाही, तेव्हा लिहीतच नव्हतो, पण तोंडी सांगेन. सक्तीवरून मात्र हटत नाही. जो स्वतःहून वही उघडतो त्याला सक्ती लागतच नाही, प्रश्न न उघडणाऱ्यांचा आहे. नव्याने सुरू करणाऱ्याने निदान एक हंगाम दुसऱ्याच्या हाताखाली काढावा, एवढं तरी लिखित हवं.

जुना_पिंजरा

नव्यांसाठी हरकत नाही. बैठक पिल्लांच्या हंगामात ठेवू नका म्हणजे झालं.

पांढरा_कोट

मीही आहे. काका, एक विचारतो, राग मानू नका. घारीच्या पायांचे तळवे शेवटचे कधी उलटून बघितले? आणि ती बसते ती दांडी कसली आहे?

जुना_पिंजरा

पाइप आहे. पहिल्यापासून तोच.

पांढरा_कोट

सगळीकडे सारख्याच जाडीचा, गुळगुळीत? तशा दांडीवर एकाच जागी भार पडून तळव्यांना जखमा होतात.

जुना_पिंजरा

हो. थांबा, टॉर्च घेऊन जातो.