बाबांच्या नंबरवर येणारे देणगीचे फोन आणि दारावर येणारी माणसं: तुम्ही काय सांगता?

मानेवाडा_रिंगरोड

नमस्कार. बाबांना जाऊन येत्या श्रावणात एक वर्ष होईल. त्यांचा मोबाइल नंबर मी बंद केलेला नाही. पेन्शनचं खातं, गॅस, आईच्या औषधांचं दुकान, सगळं त्याच नंबरला जोडलेलं आहे. तो फोन माझ्याजवळ असतो. आठवड्यातून तीन-चारदा वाजतो आणि पलीकडून कोणी तरी म्हणतं, “काका, तब्येत कशी आहे? यंदा मुलांसाठी काही पाठवता ना?”

बाबा वीज मंडळात लाइनमन होते. पगार बेताचा, पण देणं कधी थांबलं नाही. त्यांची लाल कापडी बांधणीची एक वही आहे. त्यात ‘आनंदवन ५०१’, ‘अंध मुलांचं वसतिगृह २५१’, ‘दारावरची मुलगी, कॅन्सर पेशंटसाठी, १००, पावती नाही’ असं सगळं तारखेनिशी आहे. एका पानावर नुसतं ‘पंखे ३’ लिहिलंय, रक्कम नाही. मी दहावीत असताना ते आम्हाला एसटीने वरोऱ्याला घेऊन गेले होते. बाबा आमटेंनी १९४९ मध्ये उभं केलेलं आनंदवन आम्ही दिवसभर फिरून पाहिलं. परतताना बाबा एवढंच म्हणाले, “इथे कोणी हात पसरत नाही, इथे काम आहे.” ते त्यांना फार पटलं होतं.

आता माझं सांगते. मागच्या दिवाळीनंतर याच नंबरवर फोन आला. लहान मूल, हृदयाला छिद्र, ऑपरेशन परवा. व्हॉट्सअ‍ॅपवर नळ्या लावलेल्या बाळाचा फोटो. मी १५०० रुपये पाठवले. पाठवताना एका माणसाचं खासगी नाव दिसलं होतं, तरी पाठवले. पावती मागितली तर दुसऱ्या दिवसापासून नंबर बंद. मी पतसंस्थेत कॅशिअर आहे, रोज लोकांना सांगते की पावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. त्या रात्री मला झोप आली नाही.

त्यानंतर मी सगळ्यांशीच तुटक वागायला लागले. मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमारास बेल वाजली. गळ्यात ओळखपत्र, पाठीला सॅक, चेहरा उन्हाने लाल झालेली विशीतली मुलगी. आई आत कूलरसमोर पडली होती. मी जाळीच्या आडूनच म्हटलं, “साहेब घरी नाहीत.” आमच्या घरात आता कोणी साहेबच नाही. दार लावलं आणि बाहेरून आवाज आला, “ताई, बाटली भरून मिळेल का?” मी ते ऐकलं. तरी दार उघडलं नाही, कारण उघडलं तर पुन्हा देणगीचं बोलणं सुरू होईल असं वाटलं. दोन मिनिटांनी माठातलं पाणी घेऊन गेले तर ती गल्लीत कुठेच नव्हती.

आमच्या पतसंस्थेचे पिग्मी एजंट याच उन्हात दारोदार फिरतात. त्यांना कोणी असं वागवलं तर मला सहन होत नाही.

तर विचारायचं आहे. खरं-खोटं कसं ओळखता? दारावर देता का? आणि बाबांना ओळखणाऱ्या या सगळ्यांना काय सांगू? आतापर्यंत मी ‘ते बाहेर गेलेत’ असंच सांगत आले.

---

हिशेबनीस_इतवारी

ताई, सीएच्या ऑफिसात काम करतो, ट्रस्टची ऑडिटं माझ्याकडे असतात. तेवढ्यापुरतं सांगतो.

ऑपरेशनसाठी फोन आला तर पहिला प्रश्न: कोणतं हॉस्पिटल, कोणता वॉर्ड? नागपूरची मेडिकल किंवा मेयो ही सरकारी रुग्णालयं म्हणाले तर तिथे समाजसेवा अधीक्षक असतात, त्यांच्याकडे जाऊन चौकशी करता येते. खासगी धर्मादाय रुग्णालय असेल तर तिथे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी अर्ज केला का, हे विचारा. खऱ्या नातेवाइकाला या प्रश्नाचा राग येत नाही, उलट बऱ्याचदा त्याला हे ठाऊकच नसतं आणि तुमची मदत होऊन जाते. पैसे द्यायचेच तर हॉस्पिटलच्या खात्यात रुग्णाच्या नावावर भरा. क्यूआर स्कॅन केल्यावर ट्रस्टऐवजी माणसाचं नाव आलं तर तिथेच थांबा.

संस्थेच्या पावतीवर धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक पाहा. साधारणपणे ‘ई’ किंवा ‘एफ’, पुढे आकडा आणि जिल्हा असतो. गणपतीची वर्गणी गोळा करायलासुद्धा धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, मग फोनवरून लाखो जमवणाऱ्याला क्रमांक विचारण्यात अवघडायचं काय?

८०जीचं, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीचं, आमिष दाखवतात, म्हणून तेही सांगतो. रोख २००० च्या वर दिले तर त्या देणगीवर वजावट नाही. कपडे, धान्य, वस्तू यांच्यावर नाही. नव्या करप्रणालीत असाल तर अजिबात नाही. आणि नुसती पावती पुरत नाही, संस्थेने तुमची देणगी विवरणात दाखवून १०बीई प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते वर्ष संपल्यावर मेअखेरपर्यंत येतं. ‘सर्टिफिकेट आत्ता व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

१५०० गेले त्याची तक्रार १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर केली होती का? ती पैसे गेल्या गेल्या, पहिल्या तासांतच करायची असते. पुढे कोणावर वेळ आली तर लक्षात असू द्या.

---

बेसा_बंगला_१२

मी दारावर एक रुपयाही देत नाही आणि त्यात मला गैर वाटत नाही. सासरे ८१ वर्षांचे, दिवसा घरी एकटे असतात. गेल्या वर्षी दोघं जण अनाथाश्रमाच्या नावाने आले आणि बोलत बोलत थेट हॉलमध्ये येऊन बसले. काही नेलं नाही, पण सासरे आठवडाभर घाबरलेले होते. तेव्हापासून आमच्याकडे जाळीचं दार कुलपात असतं. द्यायचं ते आम्ही वर्षातून एकदा, ठरलेल्या दोन संस्थांना, बँकेतून देतो. म्हाताऱ्या आईला घरी ठेवून तुम्ही दार उघडलं नाही, यात तुमची चूक नाही.

---

जुनी_शुक्रवारी

बाई, मी वयानं ७३ चा, सारं आयुष्य नागपूरच्या महाल भागातच गेलं. आमच्या लहानपणी दारावर येणारा माणूस अनोळखी नव्हता न. वासुदेव यायचा, त्याचं गाव ठाऊक, त्याचा बाप ठाऊक. माही माय दळण काढताना एक मूठ ज्वारी वेगळ्या डब्यात टाकायची, ते दारावरच्याचं. तो डबा घरातल्या पोट्ट्यायनंही उघडायचा नाही. तान्ह्या पोळ्याले पोट्टे लाकडाचा नंदी घेऊन येतात, त्यायले बोजारा द्या लागते. आजही मी दहा-दहाच्या कोऱ्या नोटा आठ दिवस आधी आणून ठेवतो. एखादं पोट्टं आलं नाही तर जीव लागून राहते.

पण फोनवरच्याले कसं वळखाव? म्हणून माह्यावालं असं आहे, फोनवर पैसा नाही. मी म्हणतो, “पत्ता सांगा बाप्पा, मी येऊन पाहतो.” खोटा असला तर तेवढ्यावरच फोन ठेवते. खरा असला तर म्हणते, “या काका, जेवायलेच या.” काटोल रोडकडच्या एका वसतिगृहाचा असाच फोन आला होता. मी बसनं गेलो. पोरांनी पाढे म्हणून दाखवले, स्वयंपाकीणबाईनं चहा दिला. तवापासून दर संक्रांतीले तुरीची दाळ नेऊन देतो. पावती मी मागत नाही, हिशेबनीस भाऊ रागवतील, पण ती दाळ मी पोरांच्या ताटात पाहिली आहे.

परतवाड्याकडे गेलो तवा वझ्झरलेही जाऊन आलो. शंकरबाबा पापळकर. टाकून दिलेल्या दिव्यांग लेकरायले त्यायनं बाप म्हणून आपलं नाव दिलं. २०२४ मध्ये पद्मश्री भेटली. तिथं झाडं पाहिली, लेकरायनं वाढवलेली. फोनवरच्या फोटोतून हे काही दिसत नाही, बाई. पायानं जा लागते.

---

पायऱ्या_चढलेली

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. २०१८-१९ मध्ये चौदा महिने मी ते काम केलं आहे. म्हणजे ती जाळीबाहेरची मुलगी मीच होते म्हणा ना.

आधी कामाचं सांगते, कारण लोकांना ते माहीत नसतं. ओळखपत्रावर मोठ्या संस्थेचं नाव असतं, पण बहुतेकदा आम्हाला नेमलेलं असतं एजन्सीने. सकाळी नऊला टीम लीडर सगळ्यांना गोळा करून गल्ल्या वाटून देतो. आम्हाला रोख पैसे घ्यायचेच नसत. फॉर्म भरून घ्यायचा, दरमहा बँकेतून आपोआप रक्कम कापली जाईल असा. महिन्याला अमुक इतके फॉर्म झाले तर पगारावर वरचे पैसे. देणगीदाराने दोन महिन्यांत बंद केलं तर तो फॉर्म आमच्या नावातून वजा. म्हणून मुली थोड्या जास्त आग्रह करतात. संस्था खोटी असते असं नाही. माझी खरी होती, तिच्या शाळेत मी स्वतः जाऊन आले होते. पण दारातल्या माणसाला हे कळायला हवं की आपण फॉर्मवर सही करतो म्हणजे वर्षानुवर्षांचा आदेश बँकेला देतो. तो थांबवता येतो, बँकेत अर्ज देऊन किंवा अ‍ॅपमधून. मला विचारलेलं मी दरवेळी सांगितलं. न विचारलेलं मात्र कधी कधी सांगितलं नाही, आणि ते मला आजही लागतं.

तुम्ही थेट विचारा, “तू संस्थेची की एजन्सीची?” खरी मुलगी उत्तर देईल. मग म्हणा, “पत्रक ठेवून जा, मी माहिती काढून थेट पाठवीन.” तिचा फॉर्म होणार नाही, पण तिची फसवणूकही नाही.

लोक काय काय सांगायचे! आम्ही भाड्याने राहतो. साहेब घरी नाहीत. मॅडम झोपल्यात, आणि हे मॅडमच सांगत. या सगळ्यांपेक्षा मला ‘नंतर या’ जड जायचं. कारण मी ते वहीत लिहायचे. ‘गुरुवारी सहानंतर.’ गुरुवारी हिंगण्याहून दोन बस बदलून धरमपेठेत जायचे, तिसरा मजला, लिफ्ट बंद, आणि दार उघडून तेच काका म्हणायचे, “अरे, तू परत आलीस?” साधं ‘नाही, मला द्यायचं नाही’ म्हणणारे मला आवडायचे. दहा सेकंदांत काम होतं, पुढची बेल वाजवायला मी मोकळी. खामल्यात एक आजी होत्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, “बाई, मी कोणालाच देत नाही, पण ऊन फार आहे, पंख्याखाली पाच मिनिटं बस.” मी त्यांना पुन्हा कधी फॉर्मचं विचारलं नाही.

पाण्याचं मनाला लावून घेऊ नका. नागपुरात उन्हाळ्यात चौकाचौकांत पाणपोया असतात. कुठल्या पाणपोईचं पाणी गार, कुठे माठाला वाळा बांधलेला, हे आम्हा मुलींना पाठ असायचं. ती पुढच्या चौकात प्यायली असेल. बेसाच्या ताई म्हणतात तसं दार कुलपात ठेवलंत तरी चालेल, बाटली जाळीतून किंवा गेटवरून देता येते.

आणि फोनचं. तिकडे बसलेल्या मुलीसमोर एक यादी असते. तुमच्या बाबांच्या नावापुढे लिहिलेलं असणार, ‘नियमित, प्रेमाने बोलतात’. अशी नावं सगळ्यांना हवी असतात. ‘बाहेर गेलेत’ म्हटलं की ती पुढच्या तारखेला टाकते आणि तुम्हाला पुन्हा तोच प्रश्न ऐकावा लागतो. खरं सांगा, ताई. चांगल्या संस्थेत नाव लगेच काढतात. माझ्यासोबतची एक मुलगी अशा फोननंतर जेवायला उठली नव्हती, त्या काकांशी ती दर महिन्याला बोलायची.

---

मानेवाडा_रिंगरोड

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला नऊ दिवस लागले, कारण मी वही घेऊन बसले होते.

वहीत एकूण अकरा नावं निघाली. चारांच्या पावत्या बाबांनी मधल्या पानांत ठेवलेल्या होत्या, नोंदणी क्रमांकासह. दोन नंबर लागतच नाहीत. एक माणूस पावतीचं विचारल्यावर माझ्यावरच ओरडला, त्याचा नंबर ब्लॉक केला. १९३० वर मी तेव्हा तक्रार केली नव्हती. लाज वाटली होती. पतसंस्थेच्या नोटीस बोर्डावर आता तो नंबर मोठ्या अक्षरांत लावला आहे.

पायऱ्या_चढलेली, तू म्हणालीस तसं मी प्रत्येकाला खरं सांगायला लागले. पहिल्या दोन फोनना आवाज फुटेना, आईने फोन हातातून घेतला आणि तीच बोलली. अंध मुलांच्या वसतिगृहातले व्यवस्थापक बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “काका पैसे थोडे द्यायचे, पण दर उन्हाळ्याआधी येऊन आमचे पंखे दुरुस्त करून जायचे. यंदा आले नाहीत, म्हणून तर आम्ही फोन करत होतो.”

‘पंखे ३’ म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मला वाटत होतं, त्यांनी कुठे तरी तीन पंखे घेऊन दिले असतील.

शनिवारी आई आणि मी तिकडे जाणार आहोत. बाबांच्या हाताखाली शिकलेला एक मुलगा आहे, त्याला सोबत घेतलंय. पिशवीत कंडेन्सर आणि टेस्टर आहे, आणि जुनी शुक्रवारी काकांचं वाचून आईने दोन किलो तुरीची डाळ घेतली आहे. जाळीच्या दाराला कुलूप आम्हीही लावलं. गेटच्या आत स्टुलावर माठ ठेवलाय, बाहेरून हात पोहोचेल असा.

हे लिहिता लिहिता फोन वाजला. मुलीचा आवाज होता, “काका आहेत का?”

मी म्हटलं, “नाहीत. गेल्या श्रावणात गेले. मी त्यांची मुलगी बोलतेय. तुम्ही कुठून बोलता?”