सीताफळाच्या पानांचा अर्क आणि जांभळा रंग

सीताफळाच्या पानांच्या अर्काने प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशी मेल्या, मग केमो कशाला, असं वर एका ताईंनी विचारलंय. सोलापुरात एमएस्सीला असताना हीच चाचणी मी केली आहे, म्हणून लिहिते.

पानं सावलीत वाळवून, दळून मेथॅनॉलमध्ये भिजवायची. तो अर्क डीएमएसओ या द्रावकात विरघळवून ९६ खळग्यांच्या प्लेटमधल्या पेशींवर घालायचा. नुसत्या डीएमएसओचे खळगे वेगळे ठेवावेच लागतात, कारण जास्त झालं तर तेही पेशी मारतं. मग एमटीटी, म्हणजे पेशी जिवंत आहेत का हे दाखवणारा पिवळा रंग, घालायचा. जिवंत पेशी त्या पिवळ्या रंगाचे जांभळे स्फटिक करतात. जांभळा जितका फिका, तितक्या जिवंत पेशी कमी, असं धरतात. पण घोळ इथेच आहे. सीताफळातली अ‍ॅसिटोजेनिन्स ही रसायनं मायटोकॉन्ड्रियाचं (पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागाचं) काम रोखतात आणि एमटीटीचा रंगही बराचसा त्याच कामावर अवलंबून! म्हणजे रंग फिका पडला तरी पेशी मेलीच असं नाही, दुसऱ्या चाचणीने ताडून बघायलाच हवं. शिवाय निरोगी पेशींवर तोच अर्क घालून पाहिला होता का?

वनस्पतींतून औषधं येतात, हे खरंच. सदाफुलीतलं विनक्रिस्टीन १९६३ पासून वापरात आहे, पण ते शुद्ध रसायन, मिलिग्रॅममध्ये मोजून शिरेतून देतात. पानांच्या काढ्याला तसं माप नसतं.

ताई, सासूबाईंची बार्शीला केमो चालू आहे म्हणालात. ती कृपा करून थांबवू नका. काढा देण्याआधी तिथल्या डॉक्टरांना विचारा, आणि सीताफळाच्या बिया तर अजिबात देऊ नका, त्या विषारी असतात.