सातव्या पिढीच्या मशीनवर विंडोज ११ बळंच बसवू नका

हिंडलगेकर
विंडोज १० च्या नेहमीच्या सुरक्षा दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या. तेव्हापासून बेळगावापासून निपाणीपर्यंत घरोघरी एकच सल्ला फिरतोय: रुफस या प्रोग्रामने पेनड्राइव्ह तयार करा, टीपीएमची (मशीनमधल्या सुरक्षा चिपची) अट उडवा आणि ११ बसवून टाका. माझं मत याच्या विरुद्ध आहे. इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतचा प्रोसेसर असलेल्या घरच्या मशीनवर हे करू नये.

११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यानंतरचा प्रोसेसर, टीपीएम २.०, सिक्युअर बूट (फक्त खात्रीची सिस्टिमच सुरू होऊ देणारी सोय), ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. अट चुकवून बसवलेलं ११ चालतं, हे खरं. पण वर्षाची मोठी आवृत्ती त्याला सहसा आपोआप येत नाही. प्रत्येक वेळी पाच जीबीहून मोठी आयएसओ (विंडोज बसवायची फाइल) उतरवून तोच खटाटोप करायचा. खेड्यात मोबाइलच्या रोजच्या दीड जीबीवर हे कोण करत बसणार? आणि कोअर टू ड्युओ असेल तर विषयच संपला. ११ ची २४एच२ (२०२४ च्या उत्तरार्धातली) आणि त्यापुढची आवृत्ती त्यावर सुरूच होत नाही, कारण तिला लागणारी पॉपसीएनटी सूचना त्या प्रोसेसरात नाही.

अशा मशीनला २५६ जीबीची साटा एसएसडी लावा आणि रॅम ८ जीबी करा. तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या डेस्कटॉपला साधी डीडीआर३ चालते. चौथ्या पिढीच्या लॅपटॉपला मात्र १.३५ व्होल्टची डीडीआर३एल मागून घ्या, साधी दिली तर बहुतेक लॅपटॉप सुरूच होत नाहीत. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ ही सिस्टिम टाका. आयएसओ सुमारे ३ जीबी, दुरुस्त्या एप्रिल २०२९ पर्यंत. जमिनीच्या पहाणीचा उतारा, बँक, ऑनलाइन अर्ज, दहावीच्या पोरांचा अभ्यास, सगळं ब्राउझरमध्येच आहे की.

निपाणकर
ब्राउझरपुरतं बरोबर आहे. पण आपल्याकडचं घरचं मशीन दोन भाषांत राबतं, ते तुम्ही विसरलात. कन्नड अर्जाची फाइल नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरात, मराठी लग्नपत्रिका आणि मंडळाचं पावतीपुस्तक श्रीलिपीत, हिशेब टॅलीत. यातलं एकही लिनक्सवर सरळ चालत नाही. कोरलड्रॉ तर नाहीच.

प्रिंटरचंही तेच. कॅननचा एलबीपी २९०० आपल्या भागात घराघरांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत आहे. तो कॅप्ट नावाच्या कॅननच्या स्वतःच्या पद्धतीने चालतो. लिनक्ससाठीचा त्याचा ड्रायव्हर जुना आणि ३२ बिट लायब्रऱ्या मागणारा. विंडोज ११ वर ६४ बिटचा ड्रायव्हर टाकला की तो छापायला लागतो. ज्याच्या घरी हा प्रिंटर आहे त्याला मिंट सुचवणं म्हणजे चालता प्रिंटर अडगळीत टाकायला लावणं.

जुनं मशीन जुनंच ठेवायचं असेल तर विंडोज १० ची वाढीव मुदत घ्या. घरगुती वापरासाठी ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. आवृत्ती २२एच२ हवी, मायक्रोसॉफ्ट खातं हवं. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्यात चालू केला की पैसे लागत नाहीत. नाहीतर १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर. विंडोज अपडेटच्या पानावर ‘एनरोल नाऊ’ दिसतं.

खानापूरवाले
तुम्ही दोघेही पहिली पायरी सोडून बोलताय. ‘तुमचं मशीन चालणार नाही’ हा निरोप आला म्हणजे मशीन जुनंच असतं असं नाही. २०१८ नंतरच्या कितीतरी डेस्कटॉपमध्ये टीपीएम आहे, फक्त बंद आहे. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून टीपीएम डॉट एमएससी लिहा. काही सापडलं नाही तर बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जा. इंटेलवर त्याचं नाव पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम. ते चालू करा.

खरी अडचण पुढे येते. दुकानातून मशीन घेताना बरेचदा विंडोज जुन्या, लेगसी पद्धतीने टाकलेलं असतं, डिस्कची मांडणी एमबीआर असते. सिक्युअर बूटसाठी ती नव्या जीपीटी मांडणीत न्यावी लागते. त्यासाठी विंडोजमध्येच एमबीआरटूजीपीटी हे साधन आहे. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून आधी फक्त व्हॅलिडेट करा, म्हणजे डिस्क बदलता येईल का ते तपासा. इथे आपल्याकडची सी, डी, ई अशी तीन ड्राइव्हची सवय नडते. सिस्टिम रिझर्व्हड, सी आणि डी मिळून तीन प्रायमरी होतात, आणि डिस्क मॅनेजमेंटमधून चौथा केलेला ई एक्स्टेंडेडमध्ये जातो. एक्स्टेंडेड विभाग असला तर व्हॅलिडेट नापास. ई मधला माल बाहेरच्या डिस्कवर काढा, ई आणि तो एक्स्टेंडेड विभाग काढून टाका, मग पुन्हा व्हॅलिडेट, मग कन्व्हर्ट.

क्रम उलटा करू नका. आधी कन्व्हर्ट, मग बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद आणि यूईएफआय (नवी पद्धत) चालू. आधी बायोस बदललं तर मशीन ‘बूट डिव्हाइस नाही’ म्हणून थांबतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड फार जुनं असेल तर सीएसएम बंद केल्यावर पडदा काळाच राहतो, कारण त्या कार्डात यूईएफआयची सोय नसते. कार्ड काढून बोर्डावरच्या पोर्टला मॉनिटर लावून बघा.

आणि बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी आधी बदला. ती मेलेली असेल तर लाईट गेली की बायोस मूळ पदावर येतं, पीटीटी बंद होतं, तारीख मागे जाते आणि बँकेच्या साइट उघडत नाहीत. लोक त्याचं खापर नव्या विंडोजवर फोडतात.

हिंडलगेकर
आठव्या पिढीपासून पुढे खानापूरवाल्यांचं सगळं मान्य. माझा आक्षेप त्याच्या खालच्यांबद्दल आहे. सहाव्या-सातव्या पिढीतही पीटीटी असतं, ते चालू करूनही प्रोसेसर यादीत बसत नाहीच. आणि ज्यांच्याकडे विंडोज १० ची ३२ बिट आवृत्ती आहे त्यांना अपग्रेडचा रस्ताच नाही, ११ फक्त ६४ बिट आहे. सगळं नव्यानेच टाकावं लागतं.

नुडीबद्दल निपाणकरांचं अर्धंच बरोबर. जुन्या नुडीचे टीटीएफ फॉन्ट मिंटच्या फॉन्ट फोल्डरमध्ये टाकले की लिबरऑफिसमध्ये ती फाइल वाचता येते, छापता येते. अडतं ते टायपिंग, कारण नुडीचं कळफलक इंजिन तिथे नाही. नवीन मजकूर युनिकोडमध्येच लिहा. आयबस एम१७एन हे टायपिंगचं साधन टाकलं की मराठी आणि कन्नड दोन्ही इनस्क्रिप्ट कळफलक मिळतात. कॅनन २९०० चा मुद्दा मात्र मला मान्य. तो प्रिंटर असेल तर मिंट नको. एचपीच्या बऱ्याच प्रिंटरना एचपीलिप हा लिनक्सवरचा ड्रायव्हर पुरतो.

निपाणकर
लिहायचं युनिकोडमध्ये हे विंडोजवरही तितकंच सोपं आहे. मराठी फोनेटिक आणि कन्नड फोनेटिक दोन्ही आतच असतात, भाषा जोडली की झालं. जुन्या डीटीपीवाल्यांना एक सांगतो. सॉफ्टवेअरला यूएसबी लॉक (परवान्याची पेनड्राइव्हसारखी किल्ली) लागत असेल तर नव्याने टाकलेल्या ११ मध्ये मेमरी इंटेग्रिटी ही संरक्षणाची सोय चालू असते आणि ती लॉकचा जुना ड्रायव्हर अडवते. मग सॉफ्टवेअर ‘लॉक सापडत नाही’ म्हणतं. आधी नवा ड्रायव्हर शोधा. तो नाहीच मिळाला तर विंडोज सिक्युरिटीत कोअर आयसोलेशनमध्ये जाऊन ती बंद करावी लागते, आणि त्याने संरक्षण थोडं कमी होतं.

येळ्ळूरची वाट
वाद चालू द्या, पण दोन गोष्टी कुणीच लिहिल्या नाहीत.

पावसाळ्यात आपल्याकडे करंटचा भरवसा नाही. विंडोज अपग्रेडच्या मधेच लाईट गेली तर ते बहुतेक वेळा मागे फिरतं. बायोस अपडेटच्या मधे गेली तर बोर्डच मरू शकतो, मग चिप काढून पुन्हा प्रोग्राम करायला लागते. यूपीएस नसेल तर बायोस अपडेटला हात लावू नका. लॅपटॉप असेल तर बॅटरी भरलेली हवी आणि चार्जरही लावलेला हवा.

दुसरी गोष्ट बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्ककुलपाची. २४एच२ नव्याने टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने सेटअप केला की बहुतेक मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते, आणि ४८ अंकी किल्ली त्या खात्यात जाते. दुकानातल्या पोराने स्वतःच्या ईमेलने सेटअप केला तर किल्ली त्याच्या खात्यात. पुढे कधी बायोसमध्ये टीपीएम बदललं की मशीन ती किल्ली मागतं, आणि ती नसेल तर घरचे फोटो आणि कागद गेले. सेटअप स्वतःच्या खात्याने करून घ्या, किल्ली कागदावर लिहून पहाणीच्या उताऱ्याबरोबर ठेवा.

खानापूरवाले
अपग्रेड करून पस्तावलात तर दहा दिवसांत सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून परत १० वर जाता येतं. त्या दहा दिवसांत डिस्क क्लीनअप चालवू नका, विंडोज डॉट ओल्ड फोल्डर पुसला की परतीची वाट बंद.