परदेशात शिकताना ‘तू कुठली?’ या प्रश्नाने काय शिकवलं?

मनवा
आज भाचीचा नेदरलँड्सचा व्हिसा आला. घरात सगळे बॅगांत गुंतलेत आणि मी मनाने हेगच्या बाजारात. डेल्फ्टला शिकत होते तेव्हा भाजीला तिथेच जायचे. एकदा चवळीच्या शेंगा निवडताना शेजारच्या मावशींनी भोजपुरीच्या वळणाने विचारलं, कुठली? म्हटलं, इंडिया. म्हणाल्या, आम्हीपण, पण सुरिनामचे. म्हणजे दक्षिण अमेरिकेतली तेव्हाची डच वसाहत. पहिलं जहाज, लल्ला रूख, १८७३ मध्ये कलकत्त्याहून मजूर घेऊन गेलं, ते मला त्यांच्याकडून कळलं. उसाच्या मळ्यांत पाच वर्षांचा करार. १९७५ला सुरिनाम स्वतंत्र झाला, त्या सुमारास हे कुटुंब हॉलंडला आलं. भारत कधी पाहिला नव्हता, तरी पणजीचं गाव तोंडपाठ. माझ्यासाठी भारतीय म्हणजे पासपोर्ट होता, तोवर. तुमचेही लिहा ना.

रानजाई
लेस्टर. घरमालकीणबाई गुजराती, कंपालात वाढलेल्या. १९७२, युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन, आशियाई लोकांना देश सोडायला नव्वद दिवसांची मुदत. देश कोणता विचारलं तर म्हणायच्या, कुठल्या सालचा विचारतेस? कुकर झाला, नंतर लिहिते.

शेवगा
मेतकूट चेक-इन बॅगेतच टाका हो. हातातल्या बॅगेत पीठ दिसलं की उघडायला लावतात. आणि भाजणी?

मनवा
भाजणी आई देतेय, दोन किलो!

दर्यावर्दी
जर्मनीत आखेनला शेजारच्या खोलीत इंडोनेशियातल्या जावाचा मुलगा. आमचा १५ ऑगस्ट, त्यांचा १७. दोन्ही मिळून एकच जेवण केलं. तो मुसलमान आणि वायांग या त्यांच्या बाहुल्यांच्या खेळामुळे रामायण-महाभारत पाठ. मला विचारतो, तुमच्यात सेमार कुठेय? सेमार म्हणजे त्यांच्याकडे नायकाचा सेवक, विदूषक आणि मुळात देव. आपल्या कथेत नाहीच. कथा आपली एकट्यांची नाही हे त्या रात्री कळलं. जन्मभर पुरेल एवढं.

पारिजात
आमच्या वर्गात मॉरिशसची मुलगी होती. घरी तिथली क्रिओल भाषा, आडनाव मराठी. तिकडे गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. आरतीत तिसऱ्या कडव्याला मी अडखळलो, ती नाही.

सायली_
मला आपल्याच देशातली माणसं तिकडे भेटली. मँचेस्टरला रूममेट कोहिमाची. भारतीय मुलांच्या दिवाळी मेळाव्याला मीच ओढून नेलं. आपल्याच एकाने विचारलं, तू चायनाची का? सगळे हसले. मी गप्प राहिले. ती पुन्हा कुठल्याच मेळाव्याला आली नाही. गोऱ्यांनी तिला विचारलं तर ती ‘इंडिया’ म्हणायची, न चुकता. बारा वर्षं झाली, अजून सलतं.

रानजाई
सायली, वाचून घशाशी आलं गं. बोलणं आहे का तिच्याशी?

सायली_
आहे. एकदा माफी मागितली तर म्हणाली, मग ये ना घरी. डिसेंबरात गेले कोहिमाला. तिच्या आईने आठ दिवस मला ‘आमची महाराष्ट्राची मुलगी’ म्हणून गल्लीभर फिरवलं. कुणीही नाही विचारलं, तू कुठली.

शेवगा
🙏 मनवा, तो हेगचा बाजार रोज असतो का? लेकाला सांगते.

मनवा
सोमवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार. शेंगा सकाळी लवकर संपतात.