मदत हवी आहे: ‘शिक्षा’ म्हणजे दंड, हे कधीपासून?

हिंदी-बंगालीत शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठी, कन्नड, तेलुगू, मल्याळममध्ये मात्र दंड. व्युत्पत्ती ठाऊक आहे: संस्कृत ‘शक्’ (शकणं) धातूचं इच्छार्थक (इच्छा दाखवणारं) रूप ‘शिक्ष्’, म्हणजे मुळात समर्थ होऊ पाहणं. वेदांगांतली, म्हणजे वेदांच्या अभ्यासाला पूरक शास्त्रांतली, शिक्षा तर उच्चारशास्त्र! गंमत अशी की शिक्षक, शिक्षण, शिकणं हे सगळं आपण जुन्याच अर्थानं ठेवलं. दंड एकट्या शिक्षेच्या वाट्याला आला. मोल्सवर्थचा एकोणिसाव्या शतकातला मराठी-इंग्रजी कोश पाहिला, पण त्यावरून अर्थांचा काळ ठरत नाही. ‘पूर्वी मारूनच शिकवायचे’ हे उत्तर कृपया नको, मार हिंदीवाल्यांनीही खाल्लाच असेल. दंड या अर्थाचा मराठीतला सर्वांत जुना लेखी दाखला कोणता (ग्रंथ आणि ओवी मिळाली तर उत्तमच), आणि हा अर्थ कन्नडच्या संपर्कातून आला असं मानायला आधार आहे का?